दोन आउट, एक एरर आणि बदललेला पिचर

बेसबॉलचा स्कोअर लिहायला शिकणाऱ्यांसाठी हे लिहितेय. क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलेल्या माणसाला बेसबॉलचं बुक पहिल्या आठवड्यात सोपं वाटतं. साताऱ्यात क्लबच्या सामन्यांना मी वर्षानुवर्षं स्कोअर लिहिला होता. अमेरिकेत आल्यावर मायनर लीगमधल्या (मुख्य लीगच्या खालच्या स्तरावरच्या) एका संघाच्या प्रेस बॉक्समध्ये ऑफिशियल स्कोअररची मदतनीस झाले, तेव्हा क्षेत्ररक्षकांच्या जागांचे आकडे दोन दिवसांत पाठ झाले. ६-४-३ लिहिलं की डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोन आउट, डोळ्यांसमोर, उलटा के (K) काढला की बॅट न फिरवता गेलेला तिसरा स्ट्राइक. एवढं तुम्हालाही येत असणार, म्हणून पुढे जाते.

बॉक्स स्कोअरचा (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याचा) ताळा कसा जुळवतात, तेही बहुतेक माहीत असेल. ॲट बॅट (बॅटरच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), वॉक (वाइट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन धावणाऱ्याला पुढे नेणं) आणि इंटरफिअरन्समुळे (अडथळ्यामुळे) मिळालेले बेस यांची बेरीज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याच संघाच्या धावा, बेसवर राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाने केलेले आउट, म्हणजे पुटआउट. ८ ऑक्टोबर १९५६ चा वर्ल्ड सिरीजमधला यांकीजच्या डॉन लार्सनचा परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला सामना) घ्या. यांकीजचे २६ ॲट बॅट, २ वॉक, १ सॅक्रिफाइस, म्हणजे २९. दुसरीकडे २ धावा, ३ बेसवर राहिलेले, समोरच्या डॉजर्सचे २४ पुटआउट. पुन्हा २९. हे जुळलं की इतकं बरं वाटतं, की माणूस पेन खाली ठेवतो. मीही ठेवलं होतं, आणि तिथेच फसले. हा ताळा माणसं मोजतो. धाव कोणत्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) खात्यावर चढली आणि ती अर्न्ड (पिचरच्या हिशेबात धरलेली) की अनअर्न्ड (क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे झालेली, त्याला माफ), हे तो तपासत नाही.

झालं ते असं. सातवी इनिंग, दोन आउट. साधा ग्राउंडर (जमिनीवरून आलेला चेंडू) शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे ६ आकड्याच्या क्षेत्ररक्षकाच्या, ग्लोव्हमधून निसटला, एरर ६, म्हणजे त्याची चूक. तो तिसरा आउट व्हायला हवा होता. तेवढ्यात मॅनेजरने पिचर बदलला. नव्याने आलेल्या पोराने पहिल्याला वॉक दिला, दुसऱ्याने होमरन मारला, म्हणजे बेसवरचे दोघे आणि तो स्वतः घरी. तीन धावा. मी तिन्ही अनअर्न्ड लिहिल्या, कारण नियम डोक्यात पक्का बसला होता: एरर झाली नसती तर इनिंग संपली असती, मग पुढचं सगळं पिचरला माफ.

पहिल्या पिचरसाठी हे बरोबर आहे. एररवर बेसवर गेलेल्याची धाव त्याच्या खात्यावर, पण अनअर्न्ड. रिलीफ पिचरला, म्हणजे मधेच आलेल्याला, मात्र ही माफी नाही. तो येण्याआधी सुटलेल्या आउटचा फायदा त्याला मिळत नाही. त्याच्यापुरती इनिंग दोन आउटवर सुरू झाली आणि वॉक नि होमरन दोन्ही त्याचेच, म्हणून त्याच्या नावावर दोन अर्न्ड रन. संघाच्या खात्यावर मात्र त्याच धावा अनअर्न्डच राहतात. म्हणजे पिचर्सच्या अर्न्ड रनची बेरीज दोन आणि संघाची शून्य. बेरीज जुळत नाही, आणि तेच बरोबर आहे! बेसबॉलच्या अधिकृत नियमांतला नियम ९.१६ निवांत वाचा, घाईत नाही.

क्रिकेटमधून आलेल्याला हे जास्त अडतं. झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच नावावर जातात, सुटलेल्या झेलाला आपल्या बुकात रकानाच नसतो. इथे एररला रकाना आहे, आणि बॉक्स स्कोअर रुजवणारे हेन्री चॅडविक स्वतः आधी क्रिकेटचे वार्ताहर होते, हे मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली. त्या पोराने आदल्या रात्री शून्य पाहिलं होतं. सकाळी फळ्यावरच्या कागदावर त्याच्या नावापुढे दोन आलं. तो काही बोलला नाही, कागदासमोर उभा राहिला आणि निघून गेला. पहिल्याच वेळी दोन लिहिलं असतं तर ते त्याचंच होतं. शून्य दाखवून मग दोन लिहिणं हा मी त्याच्यावर केलेला अन्याय होता, आणि तो मला आजही टोचतो.

म्हणून स्पष्ट सांगते, ॲपवर शिकू नका. ॲप उत्तर देतं, कारण देत नाही, आणि पिचर बदललाय हे टाकायला तुम्ही विसरलात तर चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. गुरू निवडताना नियम घडाघडा म्हणणारा निवडू नका. शंका आली की बुकाची मागची पानं उलटणारा निवडा. माझे सर पिचर बदलला की त्या चौकटीखाली आधी जाड रेघ ओढायचे, रेघेशेजारी किती आउट आणि बेसवर कोण हे लिहायचे, आणि मगच नव्या पिचरचं नाव. मला ते वेळकाढूपणा वाटायचं. आता मी रेघ ओढल्याशिवाय पुढचा पिच (चेंडू) लिहीत नाही.

घाबरू नका. पाच-सहा सामन्यांत हात बसतो, खरंच बसतो. फक्त सरावाला लार्सनचा सामना घेऊ नका. त्यात दोन्ही बाजूंनी एकही एरर नाही, आणि लार्सन आणि डॉजर्सचा पिचर मॅग्ली दोघांनीही शेवटपर्यंत एकट्याने पिचिंग केलं. एरर असलेला आणि निदान चार पिचर बदललेला सामना शोधा, आणि पिचर बदललेल्या इनिंगपासूनच सुरुवात करा.