रिको जीआर ३ : मुंबईच्या गर्दीत वापरताना

२४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराचा) सेन्सर आणि २८ मिमी समतुल्य, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी एफ २.८ लेन्स, तेही शर्टाच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात. झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, अंगचा फ्लॅशही नाही.

दादरच्या फुलबाजारात ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नका, मंद उजेडात तो चाचपडतो. त्याऐवजी स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) २ मीटरवर, अ‍ॅपर्चर एफ ८ वर (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) ठेवा: साधारण १ मीटरपासून पुढचं बहुतेक सगळं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो. पहाटे आयएसओ फार चढला तर एफ ४ वर या, पण मग स्पष्ट येणारा पट्टा अरुंद होतो, अंतराचा अंदाज नेमका हवा.

बॅटरी सुमारे २०० फोटोंत संपते. दोन जादा ठेवाच.

खरी दुखरी नस म्हणजे धूळ. लेन्स आतबाहेर सरकताना धूळ आत ओढली जाते आणि सेन्सरवर बसते. लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी हाताने पुसता येत नाही. महिन्यातून एकदा एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून डाग तपासा. कॅमेरा सुट्टा खिशात नको, छोट्या पिशवीत ठेवा. पावसापासूनही संरक्षण नाही. एसी लोकलमधून उतरल्यावर काचेवर वाफ धरते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं बंदच राहू द्या.