ऑफिसवाल्यांनी याकिनिकुला बोलावलंय? नवीन आलेल्यांनी आधी हे वाचा

एप्रिल आला की जपानी ऑफिसात नवीन लोकांच्या वेलकम पार्ट्या सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच याकिनिकुला असतात, म्हणजे टेबलातच कोळशाची किंवा गॅसची शेगडी, वर जाळी आणि बीफचे पातळ तुकडे आपले आपण भाजून खायचे. टोकियोतल्या निशिकासाईत नवीन आलेली आपली मंडळी दरवर्षी विचारतात, जाऊ का नको? जा, नक्की जा. ऑफिसातली माणसं खरी कळतात ती त्या शेगडीभोवती.

बीफ खात नसाल तर बुकिंग व्हायच्या आधी सांगा. पार्टी ठरवणारा एकजण असतो, त्याला कान्जी म्हणतात, त्याला सरळ मेसेज टाकायचा, "ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन". कारण विचारलं तर घरी खात नाही एवढं पुरतं, कोणी वाद घालत बसत नाही. ऐनवेळी सांगितलं तर मात्र त्या बिचाऱ्याची पंचाईत होते कारण कोर्स माणशी बुक झालेला असतो.

दुसरा प्रश्न जाळीचा. ती सगळ्यांची एकच असते, चिमटेही तेच, त्यामुळे बीफची चरबी लागलेली चालत नसेल तर वेगळी जाळी मिळेल का हेही कान्जीलाच आधी विचारून ठेवायला सांगा. चिकन, कोळंबी, मका, भोपळा, शिताके मशरूम बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि फॉइलमध्ये तिळाच्या तेलात भाजलेला लसूण गरम भाताबरोबर घ्याच, फार छान लागतो. पण सूप आणि रेइमेन नूडल्सचा रस्सा बऱ्याचदा बीफच्या हाडांचा असतो, बिबिम्बात म्हणजे भाज्या घातलेल्या कोरियन भातात बऱ्याचदा खिमा असतो, किमचीत म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीत बऱ्याचदा मासळी असते, आणि तारे म्हणजे तो गोडसर सॉस, त्यातही मांसाचा अर्क असू शकतो. मीठ आणि लिंबू मागा. शुद्ध शाकाहारी असाल तर घरून थोडं खाऊनच निघा, तिथे भात, एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा आणि भाज्या यावरच भागवावं लागतं.

खाणाऱ्यांसाठी आता. सुरुवात मीठ लावलेल्या तान, म्हणजे जिभेपासून करतात, कारण तारे लावलेलं मांस आधी टाकलं तर साखर जळून जाळी काळी होते. तान अगदी पातळ असते, थोडा वेळ भाजली की झाली, वर लिंबू. मग हारामी म्हणजे पोटाच्या पडद्याचं मांस आणि कारुबी म्हणजे बरगडीचं मांस. कारुबीची चरबी निखाऱ्यावर गळून भडका उडतो, तेव्हा तुकडे कडेला घ्यायचे आणि जाळीवर बर्फाचा खडा ठेवायचा, पाणी ओतू नका. जाळी भरून टाकू नका, दोन-चार तुकडे टाका, खा, मग पुढचे. जाळी काळी झाली की "अमि ओ काएते कुदासाइ" म्हणा, बदलून देतात.

एक गोष्ट मात्र प्लीज पाळा, कच्चं मांस उचलायचं चिमट्याने आणि खायचं चॉपस्टिकने, अदलाबदल नको. २०११ मध्ये युक्के म्हणजे कच्चं बीफ खाऊन इथे विषबाधा झाली, माणसं दगावली, आणि जुलै २०१२ पासून कच्चं बीफ लिव्हर विकायलाच बंदी आहे. चिकन, पोर्क आणि होरुमोन म्हणजे आतडी वगैरे पूर्ण शिजू द्या, शेजारचा घाई करत असला तरी.

किमची, नामुल (तिळाच्या तेलातल्या भाज्या) बघून हे कोरियन कसं असं वाटेल, तर याकिनिकु वाढवलं ते जपानात राहणाऱ्या कोरियन लोकांनीच, ओसाकाचा त्सुरुहाशी भाग आजही त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

ताबेहोदाई म्हणजे अनलिमिटेड असेल तर वेळ बहुतेक ९० किंवा १२० मिनिटं, शेवटची ऑर्डर त्याआधीच बंद होते, आणि ताटात टाकलंत तर काही ठिकाणी जादा पैसे लावतात. टिप द्यायची नसते. कपड्यांना वास लागतो म्हणून कोट पिशवीत किंवा बाकाखालच्या खणात ठेवा. निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॉसला परत एकदा थँक्यू म्हणा, इथे ते लक्षात ठेवतात.

पार्टीच्या आधी हात बसवायचा असेल तर याकिनिकु लाइक नावाच्या चेनच्या दुकानात एकटे जा, २०१८ मध्ये टोकियोत शिम्बाशीला त्यांचं पहिलं दुकान निघालं. तिथे कोळसा नसतो पण प्रत्येकाला स्वतःची छोटी शेगडी मिळते, आरामात शिकता येतं.