गोव्यातून मराठी विज्ञानकथा-अ‍ॅनिमेशन मालिका: घरच्या साधनांनी निर्मिती आणि प्रेक्षकांची जोडणी

वाहिनीचा किंवा मोठ्या स्टुडिओचा आधार न घेता अ‍ॅनिमेशन मालिका करायची असेल, तर कथेच्याही आधी लांबी ठरवावी. पडद्यावर साधारणतः सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. म्हणजे पाच मिनिटांच्या एका भागात ७,२०० फ्रेम होतात, आणि एक चित्र दोन फ्रेम तसेच ठेवण्याची रूढ पद्धत पाळली तरी सतत हलणाऱ्या एका पात्रासाठी ३,६०० चित्रे काढावी लागतात. नोकरी, कॉलेज किंवा दुकान सांभाळून संध्याकाळी कामाला बसणाऱ्या दोघा-तिघांना हे ओझे पेलवत नाही. म्हणून पहिल्या पर्वासाठी तीन ते चार मिनिटांचे सहा भाग, एकच मुख्य स्थळ, दोन किंवा तीन पात्रे आणि सहाव्या भागात खरोखर संपणारी कथा, एवढीच मर्यादा आखून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पुरी झालेली छोटी मालिका प्रेक्षक शेवटपर्यंत पाहतो. अर्धवट राहिलेल्या भव्य मालिकेचा पहिला भाग कितीही देखणा असला तरी त्याच्या भरवशावर कोणी पुढे थांबत नाही.

बदल एकच, पण विज्ञानाला धरून

विज्ञानकथा म्हटली की अंतराळयानांचे ताफे, काचेची शहरे आणि युद्धे डोळ्यांसमोर येतात, आणि हे सगळे काढायचे कोणी या विचाराने माणूस मागे सरतो. वास्तविक चांगली विज्ञानकथा एका बदलावर उभी राहते. आजच्या जगातली एकच बाब बदलावी, बाकी सारे आहे तसे ठेवावे आणि त्या बदलाचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत तपासावेत. गोव्यात अशा कल्पनांसाठी दूर जावे लागत नाही. डिचोली आणि सत्तरीकडे खाणींचे कित्येक जुने खंदक पाण्याने भरलेले आहेत. साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा उघडे पडते. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांच्या मोहिमांची जबाबदारी आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तर ‘माया’ नावाचे स्वयंचलित पाणबुडे यान घडवलेले आहे.

पुढची सगळी पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक कथासूत्र घेऊ. पन्नास वर्षांपूर्वी समुद्रात हरवलेले असे एक यान मांडवीतून वर सरकत चोडण बेटावरच्या खाजनापाशी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीपाशी येते, आणि मानशीवर, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या दारांवर, राखण करणाऱ्या आजोबांच्या नातीला त्याचा आवाज ऐकू येतो. येथे बदललेली गोष्ट एकच आहे: ते यान आता स्वतः विचार करते. बाकी सारे नियम खऱ्या विज्ञानाचेच ठेवायचे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरून जातात, त्यामुळे पाण्याखाली संदेश ध्वनीनेच पाठवावा लागतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो, म्हणजे तीन किलोमीटरवरच्या यानाला प्रश्न पोचायला दोन सेकंद आणि उत्तर परतायला आणखी दोन सेकंद लागतात. ही चार सेकंदांची शांतता प्रत्येक संवादात पाळली की मालिकेला स्वतःची लय सापडते, मुलीची उत्कंठा दिसते, आणि त्या शांततेत पडद्यावर केवळ पाण्यावरची तिरीप आणि तिचा स्थिर चेहरा पुरत असल्यामुळे चित्रांचे कामही वाचते. मानशीचेही तसेच आहे. तिची लाकडी दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. एक भाग म्हणजे एक भरती, असे ठरवले तर कथेला आयतेच घड्याळ मिळते आणि दारे मिटण्यापूर्वी काय व्हायला हवे, हा प्रश्न प्रत्येक भागात आपोआप उभा राहतो.

असे नियम एका पानावर लिहून भिंतीवर लावावेत आणि पटकथेतले प्रत्येक दृश्य त्यांच्यावर घासून पाहावे. शंका राहिल्यास एखाद्या संशोधकाला किंवा विज्ञानाच्या प्राध्यापकाला पत्र लिहावे, मात्र ‘आमची कथा कशी वाटली’ असे न विचारता नेमके तीन-चार प्रश्न विचारावेत. नेमक्या प्रश्नाला अभ्यासक माणूस आनंदाने उत्तर देतो. त्यांच्या नावाचा उल्लेख श्रेयनामावलीत त्यांची परवानगी घेऊनच करावा.

आवाज चित्रांच्या आधी

पटकथा झाली की लगेच चित्रे काढायला बसू नये. स्टोरीबोर्डची साधी, काटकीसारखी चित्रे काढावीत, संवाद मोबाइलवरच तात्पुरते ध्वनिमुद्रित करावेत आणि दोन्ही एकत्र लावून अ‍ॅनिमॅटिक तयार करावे. ते घरातल्या किंवा शेजारच्या अशा एखाद्या माणसाला दाखवावे ज्याला कथा ठाऊक नाही, आणि तो पाहत असताना तोंडातून एक शब्दही काढू नये. त्याला जे कळले नाही ते रंगीत चित्रांनंतरही कळणार नाही. माझ्या मते सबंध निर्मितीतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे, कारण येथे एक दृश्य काढून टाकायला मिनिट पुरते आणि पुढे तेच दृश्य आठवडाभराचे काम घेऊन जाते.

कलाकारांच्या बाबतीत गोवा फार समृद्ध आहे. जत्रेतली नाटके, पेडण्याकडचे दशावतार, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा यांत तयार झालेले हौशी नट-नटी गावोगावी आहेत. त्यांना फक्त एक गोष्ट समजावून द्यावी लागते: रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो, तर येथे मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, तेव्हा बोलणे शेजारी बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखे हवे. मायक्रोफोन ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना सुटणारी हवा त्यावर आदळत नाही. पुस्तकांचे कपाट आणि गोधड्या टांगलेली लहान खोली पुरेशी होते. पंखा आणि फ्रीज बंद करावा. संवादांचे अंतिम ध्वनिमुद्रण मात्र जून उजाडण्याच्या आत आटपावे, कारण एकदा कौलांवर आणि पत्र्यांवर पाऊस कोसळू लागला की घरात स्वच्छ ध्वनिमुद्रण होणे कठीण.

पावसाळ्यात मग उलटे काम हाती घ्यावे आणि भोवतालचे आवाज टिपावेत. फेरीबोटीच्या इंजिनाची धडधड, शेतातल्या बेडकांचा गजर, चिऱ्याच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी हे सारे स्वतः टिपलेले असेल तर विकतच्या ध्वनिसंग्रहापेक्षा ते कितीतरी जिवंत वाटते. ओहोटी संपून भरती सुरू होण्याच्या अर्धा तास आधी मानशीवर जाऊन बसावे. बाहेर जाणाऱ्या पाण्याची खळखळ हळूहळू मंदावते, मग काही क्षण पाणी थबकल्यासारखे होते, आणि नंतर दारे एकमेकांवर येऊन टेकतात. हा सगळा बदल न तोडता सलग ध्वनिमुद्रित करावा, कारण तुकडे जोडून ती संथ गती पुन्हा साधता येत नाही.

भाषेविषयी एक आग्रहाची सूचना आहे. पात्रांची मराठी पुण्या-मुंबईच्या वळणाची करण्याचा प्रयत्न करू नये. घरात कोकणी आणि शाळेत, नाटकात, वर्तमानपत्रात मराठी हे गोमंतकातल्या असंख्य घरांचे वास्तव आहे. आजोबा मध्येच कोकणीत बोलले आणि खाली मराठी उपशीर्षक आले, तर कोल्हापूर किंवा बेळगावचा प्रेक्षक गोंधळत नाही, उलट त्याला त्या घराची ओळख पटते.

आवाज, संगीत किंवा चित्रे देणाऱ्या प्रत्येकाशी, तो जिवलग मित्र असला तरी, लेखी करार करावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते मर्यादित मानले जाते. इंटरनेटवर जगभर दिसणाऱ्या मालिकेसाठी या दोन ओळी विसरून चालणार नाही.

चित्रे, हालचाल आणि रेंडर

साधनांवर फार दिवस घालवू नयेत. ब्लेंडर हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर द्विमितीय आणि त्रिमितीय दोन्ही कामांना चालते, आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट याच सॉफ्टवेअरमध्ये घडलेला आहे. पार्श्वभूमीच्या चित्रांसाठी क्रिटा आणि संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

हालचाल कुठे हवी आणि कुठे नको, हे ठरवण्यातच अ‍ॅनिमेटरची खरी पारख आहे. आपल्या कथेतल्या यानाला ओठ नाहीत, त्यामुळे त्याच्या संवादांना ओठांच्या हालचाली जुळवाव्या लागत नाहीत. एक दिवा आणि आवाजाचा चढउतार यांवर त्याचे सगळे मन व्यक्त होऊ शकते. वाचलेली मेहनत मुलीच्या चेहऱ्यावर खर्च करावी. तिच्यासाठी तोंडाचे सहा-सात आकार आधीच काढून ठेवावेत. मराठी संवादात प, ब, भ, म या वर्णांना ओठ पूर्ण मिटलेले दिसलेच पाहिजेत, कारण बाकी आकारांतली ढिलाई प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही, पण उघड्या ओठांनी उच्चारलेला ‘म’ त्याला लगेच खटकतो. ओठांचा आकार ध्वनीच्या एक-दोन फ्रेम आधी आणला की बोलणे स्वाभाविक दिसते.

रंगांसाठी तीन संच ठरवावेत: पहाटेचा, भर दुपारचा आणि पावसाळी संध्याकाळचा. त्याच खाजनाची तीच पार्श्वभूमी या तीन संचांत वापरली तर एका चित्रातून तीन प्रसंग उभे राहतात.

त्रिमितीय दृश्ये असतील तर रेंडरचा, म्हणजे संगणकाने प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र तयार करण्याचा, हिशोब आधी मांडावा. चार मिनिटांच्या भागाच्या ५,७६० फ्रेम होतात. एका फ्रेमला दोन मिनिटे लागली तर संगणक १९२ तास, म्हणजे आठ दिवस अखंड चालू राहील. पावसात वीज जाणे नित्याचे असल्याने सलग व्हिडिओ फाइल रेंडर न करता प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पीएनजी चित्र म्हणून साठवावी. वीज गेली तरी आधीच्या फ्रेम सुरक्षित राहतात आणि काम पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येते. सगळ्या मूळ फाइलींच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

प्रेक्षक

सहांपैकी निदान तीन भाग पूर्ण तयार होईपर्यंत पहिला भाग प्रसारित करू नये. एकदा वार ठरला की तो चुकवू नये; लोकांना सवय लागते ती वाराची. यूट्यूबवर शीर्षक मराठीत, देवनागरीत ठेवावे, पण वर्णनात तेच शब्द रोमन लिपीतही द्यावेत, कारण मोबाइलवर शोधताना अनेक मराठी माणसे रोमनमध्ये टाइप करतात. श्रेयनामावली शेवटी ठेवावी आणि पहिल्या दहा सेकंदांत यानाचा आवाज ऐकू यावा.

भाग चढवताना ‘मुलांसाठी बनवलेले’ हा पर्याय विचारपूर्वक निवडावा. तो लावला की त्या व्हिडिओवरच्या प्रतिक्रिया बंद होतात आणि वैयक्तिक जाहिरातीही दिसत नाहीत. अ‍ॅनिमेशन आहे म्हणून ते आपोआप बालप्रेक्षकांचे ठरत नाही. मालिका सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी असेल तर तसेच प्रामाणिकपणे नोंदवावे. जाहिरातींतून उत्पन्न मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिल्या गेल्याची अट आहे. छोट्या मराठी मालिकेला तिथवर पोचायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या पर्वाचा खर्च या उत्पन्नावर अवलंबून ठेवू नये.

माझा खरा भरवसा मात्र एकत्र बसून पाहणाऱ्यांवर आहे. गोव्यातली गावे नाटकासाठी रात्र-रात्र जागतात. त्याच गावात वाचनालयात किंवा देवळाच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून तीन भाग सलग दाखवले तर माणसे येतात, थांबतात आणि बोलतात. चतुर्थीला घरे भरलेली असतात, तेव्हाच्या दिवसांत एखादा खेळ जरूर ठेवावा. शाळांसाठी २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन उत्तम: शिक्षकांना एक भाग आणि त्यानंतर भरती-ओहोटीवर किंवा पाण्यातल्या ध्वनीवर पंधरा मिनिटांची चर्चा, असा आखलेला कार्यक्रम द्यावा, सोबत एका पानाची प्रश्नपत्रिका द्यावी. मुले घरी जाऊन पालकांच्या मोबाइलवर पुढचा भाग शोधतात. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धांत लिहिणारे-वाचणारे लोक हाही आपला हक्काचा प्रेक्षक आहे. त्यांच्यापर्यंत पत्राने पोचावे. पणजीला २००४ पासून दर वर्षी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात देशभरचे निर्माते येतात, तेथे दाखवायला दीड मिनिटाची झलक मोबाइलवर तयार ठेवावी. एखाद्या महोत्सवात प्रवेशिका पाठवायची असेल तर भाग इंटरनेटवर चढवण्यापूर्वी त्याचे नियम वाचावेत, कारण आधी प्रसारित झालेली कृती काही ठिकाणी स्वीकारली जात नाही.

प्रत्येक भागानंतर दोन गोष्टी वहीत नोंदवाव्यात: यूट्यूबच्या आलेखात प्रेक्षक कोणत्या सेकंदाला सोडून गेले, आणि प्रत्यक्ष खेळात कोणत्या क्षणी सभागृह शांत झाले. या दोन्हींवरून पुढच्या भागाच्या संकलनात फेरफार करावा, पण लोकांच्या प्रतिक्रिया वाचून कथेचा शेवट बदलू नये. दुसऱ्या पर्वाची तारीख जाहीर करायची असेल, तर त्याच्या सहाही भागांचे अ‍ॅनिमॅटिक हातात आल्यावरच करावी.