खोल रेताड-पोयट्याची जमीन: ओळखायची कशी, पाणी द्यायचं कसं

नागपुरात वावर घ्यायला निघालेला माणूस आधी मातीचा रंग बघतो. काळी दिसली की भारी जमीन, भुरी-पिवळसर दिसली की हलकी, मग भाव पाडून मागायची. या सवयीमुळे आपल्याकडच्या काही फार चांगल्या जमिनी वाया जाताना मी बघतो, आणि मला ते सहन होत नाही. माझी सगळी नोकरी मृदा सर्वेक्षणात गेली. उत्तर गुजरातची बनासकांठा-मेहसाण्याची सपाटी, पश्चिम राजस्थान आणि शेवटी विदर्भ. जमिनीत खड्डा करून उतरायचं आणि थर वाचायचे, हेच काम.

बरडीवरची मुरमाड जमीन खरोखर हलकी असते. वीतभर मातीखाली मुरूम लागतो, मुळांना जायला जागाच नाही. कामठीच्या पुढे कन्हान नदीच्या काठाने जी भुरी, रेताड पोयट्याची (वाळू, गाळ आणि चिकणमातीची मिसळ, वाळू जास्त) जमीन आहे, तिथे मात्र बहुतेक ठिकाणी छातीइतकं खोल गेलं तरी दगड लागत नाही. वरून दोन्हींचा रंग जवळपास सारखा, म्हणून दोन्हींना एकच भाव आणि एकच वागणूक मिळते. शंभर सेंटिमीटरपर्यंत मुरूम किंवा खडक लागला नाही तर ती जमीन खोल समजायची, मग रंग कुठलाही असो.

अशा मातीचे खरे मोठे पट्टे आहेत ते निमकोरड्या मुलखात, जिथे वर्षाला साधारण ४०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. उत्तर आणि मध्य गुजरातेत तिला गोराडू म्हणतात. बाजरी, एरंडी, जिरं तिच्यावर पिकतं. आपल्या नागपूरला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे आपण त्या पट्ट्यात मोडत नाही. पण मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे जे ऊन तापतं, त्या काळात रेताड माती इथेही अगदी तशीच वागते. म्हणून तिकडे शिकलेलं इकडे कामी येतं.

तिकडचे शेतकरी एक गोष्ट अनुभवाने जाणतात आणि आपल्याला ती उलटी वाटते: कमी पावसाच्या मुलखात रेताड माती चिकणमातीपेक्षा पिकाला जास्त साथ देते. कोरड्या मातीवर दहा मिलिमीटरची एक सर पडली असं धरा. निव्वळ वाळूत ते पाणी साधारण दहा सेंटिमीटर खाली जातं, पोयट्यात चार, आणि आपल्या काळ्या मातीत जेमतेम अडीच-तीन. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधलं पाणी उडून जातं. म्हणजे काळ्या मातीवर ती सर जवळपास फुकट गेली आणि रेतीत बरीचशी वाचली. शिवाय चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरते की त्यातला मोठा हिस्सा मुळांना ओढताच येत नाही. रेताड माती कमी धरते, पण जे धरते त्यातलं बहुतेक देऊन टाकते. पाऊस भरपूर असेल तर अर्थातच काळी माती पुढे जाते, कारण तिची कोठी मोठी.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. त्याला खड्ड्याशिवाय पर्याय नाही.

टिकास, सब्बल, पावडं आणि एक जुना चाकू घ्या. मीटरभर लांब, मीटरभर रुंद खड्डा, आणि उन्हाकडे तोंड असलेली भिंत सरळ तासायची. एक सूचना मनापासून: रेताड मातीची भिंत न सांगता ढासळते. छातीच्या वर खोल जाऊ नका, एका बाजूला पायऱ्या ठेवा, काठावर मातीचा ढीग रचू नका, आणि एकट्याने कधीही उतरू नका. त्याच्या खालचं बघायचं असेल तर खड्ड्याच्या तळातून हाताचा गिरमिट फिरवून माती वर काढा.

तासलेली भिंत चाकूच्या टोकाने वरून खाली हळूहळू टोचत जा. चाकू कुठे सहज जातो, कुठे अडतो, मुळं कुठपर्यंत सरळ येतात आणि कुठे वळतात, एवढंच बघायचं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने कन्हानच्या काठी मिरची लावली होती. त्याचा फोन आला, "मामाजी, दर सोमवारी रातभर मोटर चालवतो, तरी बेस्तरवारपासून मिरची मान टाकते. पानंबी पिवळी पडून राह्यली." मी म्हटलं, "बाबू, अजून पाणी नको सोडू. दोन गडी बोलाव, खड्डा करू."

त्या खड्ड्यात वरचा वीतभर थर भुरा, मोकळा, बोटांनी सुटणारा. त्याखाली चार बोटांचा एक थर असा की चाकू आत जाईना. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरची चाकं आणि नांगराचा तळ एकाच खोलीवर दाबत राहिल्याने झालेली ती कडक पट्टी होती, आणि मिरचीची मुळं तिच्यावर येऊन काटकोनात आडवी वळलेली. पट्टीच्या खाली तांबूस, मऊ, सुंदर पोयटा, त्यात गांडुळांची जुनी बिळं. साधारण ऐंशी सेंटिमीटरवर जाड्या वाळूचा तळहाताएवढा पट्टा, कुठल्यातरी पुराने आणून टाकलेला. त्या वाळूच्या लगेच वरचा पोयटा गडद, ओला, मुठीत दाबला तर हाताला पाणी लागावं इतका. आणि वाळूच्या खाली कोरडं.

हे बघून पुष्कळ लोक चकित होतात. बारीक मातीतलं पाणी जाड वाळूत लगेच उतरत नाही. वरची माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते काठावर थांबून राहतं. भाच्याने दिलेलं पाणी तिथे सत्तर सेंटिमीटरवर बसलेलं होतं आणि मिरची वर वीतभर मातीत तहानलेली. युरियातला नत्रही पाण्याबरोबर तिथेच उतरलेला, म्हणून पानं पिवळी. निमकोरड्या मुलखातल्या खड्ड्यात याच खोलीच्या आसपास बहुधा चुन्याचे पांढरे धागे आणि खडे सापडतात, कारण पावसाचं पाणी साधारण तिथपर्यंतच पोचून सुकतं आणि चुना मागे ठेवतं. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर चुनखडी आहे असं समजा. जास्त चुना संत्र्याला मानवत नाही, म्हणून संत्र्याचा विचार असेल तर ही तपासणी टाळू नका.

पट्टी फोडायला सबसॉयलर (ट्रॅक्टरमागचं खोल फाळाचं अवजार) मे महिन्यात, जमीन खडखडीत वाळलेली असताना फिरवायचा, चाळीस सेंटिमीटर खोल. ओल्या जमिनीत फिरवला तर नुसती चीर पडते, थर तडकत नाही. आणि फोडल्यावर ओल्या वावरात ट्रॅक्टर घालणं बंद, नाहीतर काही हंगामात पट्टी परत तयार होते.

प्रत्येक थराची माती हातात घेऊनही बघा. मूठभर मातीला थोडं थोडं पाणी लावून मळा. गोळाच होत नसेल तर निव्वळ वाळू. गोळा होतो, पण अंगठ्याने पुढे ढकलून पट्टी काढायला गेलं की लगेच तुटतो, तर वाळूचं प्रमाण फार. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटणारी पट्टी निघाली तर तीच माती तळहातावर खूप पाणी घालून बोटाने घासा: कचकच जास्त लागली तर रेताड पोयटा, कचकच आणि मऊपणा बरोबरीने लागला तर पोयटा. आपल्या काळ्या मातीची पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढे सहज जाते. ही परीक्षा शिकायला कुठल्याही यंत्राची गरज नाही, आणि चार-पाच वावरांतली माती मळली की बोटं आपोआप सांगू लागतात.

पाणी किती वेगाने मुरतं तेही मोजून घ्या. दोन्ही तोंडं कापलेला मोठा पत्र्याचा डबा दहा सेंटिमीटर जमिनीत ठोका, पाण्याने भरा, ते पूर्ण मुरू द्या आणि दुसऱ्यांदा भरल्यावर पट्टीने तासाला किती मिलिमीटर उतरलं ते लिहा. पहिलं मोजमाप धरायचं नाही, कोरडी माती फसवते. रेताड पोयट्यात साधारण २० ते ३० मिलिमीटर, पोयट्यात १० ते २०, चिकणमातीत १ ते ५, वाळूत ३० च्या वर. याचा अर्थ असा की लांब सरीतून पाणी सोडलं तर सरीच्या तोंडाशी ते खाली पाताळात जातं आणि शेवटच्या झाडापर्यंत पोचतच नाही. ठिबक किंवा तुषार. आणि सरीनेच द्यायचं असेल तर सऱ्या आखूड करा.

मुख्य गणित आता. एक मीटर खोल रेताड पोयटा पिकाला मिळण्याजोगं पाणी १०० ते १२० मिलिमीटर धरतो, पोयटा दीडशेच्या पुढे, निव्वळ वाळू ५० ते ८०. मिरचीची मुळं तीस सेंटिमीटरवर अडली असतील तर तिच्या वाट्याला ३० ते ३६ मिलिमीटर आले. त्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यायलाच हवं. म्हणजे एका पाळीत १५ ते १८ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात भाजीपाला दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी खातो. अडीच-तीन दिवस, की संपलं. सोमवारी दिलेलं पाणी बेस्तरवारी का संपत होतं, ते इथे दिसतं.

एकरावर १५ मिलिमीटर म्हणजे साधारण ६० हजार लिटर. दोनशे लिटरचा ड्रम मोटरीखाली ठेवून घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरला तर सेकंदाला पाच लिटर, तासाला १८ हजार. म्हणजे एकराला सव्वातीन तास पुरेत. भाचा आठ तास चालवत होता, एकराला पस्तीस मिलिमीटर. त्यातलं निम्मं मुळांच्या खाली. आता तो तिसऱ्या दिवशी सव्वातीन तास देतो. काळ्या मातीवर वाढलेल्या माणसाला इतकं थोडं आणि इतक्या वारंवार पाणी देणं जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण ही माती तशीच मागते. तिची दुसरी बाजूही बघा: पाऊस उघडल्यावर इथे दीड-दोन दिवसांत वाफसा (मशागतीजोगी ओल) येतो, काळ्या वावरात आठवडा चिखल तुडवावा लागतो.

मुळं मीटरभर खाली गेली की हेच गणित पालटतं. तुरीला किंवा एरंडीला त्या साठ-सत्तर सेंटिमीटरवर साचलेल्या ओलीचा उपयोग होतो. म्हणून मिरचीनंतर त्या वावरात तूर घ्या.

खताचं थोडक्यात: युरिया एकदम टाकू नका, तीन-चार हप्त्यांत विभागा, आणि आभाळ भरून आलेलं असताना तर मुळीच नको. भुईमूग असेल तर आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम द्या. रेताड मातीत चुना-गंधक कमी पडतं आणि शेंगा पोचट राहतात. जस्ताची कमतरताही पुष्कळदा असते, पण ती माती परीक्षण करूनच ठरवा. नमुना घेताना नेहमीच्या वीतभर मातीबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटातलीही माती वेगळ्या पिशवीत पाठवा. खोल जमिनीचा निम्मा हिशेब खालीच असतो.

पपडीकडे दुर्लक्ष करू नका. रेताड पोयट्यात सेंद्रिय कर्ब कमी, अर्ध्या टक्क्याच्या आत. पेरणीनंतर जोराची सर आली आणि लगेच ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो आणि बाजरीसारखं बारीक बी खालीच गुदमरतं. अशा वेळी तुषारने हलकं पाणी देऊन पपडी मऊ करा किंवा दाताळ्याने वरवर खरडा. पेरलेल्या ओळीवर चाळलेलं शेणखत पसरलेलं असेल तर ही वेळ कमी येते.

वाऱ्याचा त्रास आपल्याकडे राजस्थानइतका नाही. तिथे उडणाऱ्या वाळूने कोवळी रोपं सोलून निघतात. तरी उन्हाळ्यात वावर नांगरून उघडं ठेवू नका. वीतभर धसकटं उभी राहू द्या, पश्चिमेच्या धुऱ्यावर झाडांची ओळ लावा.

शेवटी गाळ. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले जुने तलाव. मे महिन्यात ते आटतात आणि तळाशी बारीक चिकण गाळ मिळतो. रेताड जमिनीला याच्याइतकं टिकाऊ खत दुसरं नाही, कारण शेणखत दोन-तीन वर्षांत जळून जातं आणि चिकणमाती जागेवर राहते. गाळ उचलण्याआधी हातावर पट्टी काढून बघा. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तरच घ्या, आणि क्षार व सामू (पीएच) तपासून घ्या. एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९०० टन भरतं. तिच्यात दहा टक्के चिकणमाती असेल आणि ती बारावर न्यायची असेल, तर चाळीस टक्के चिकण असलेला गाळ ६५ टनांच्या आसपास लागतो, म्हणजे तीन टनांच्या एकवीस-बावीस ट्रॉल्या. एवढा खर्च एका वर्षी झेपत नसेल तर तीन वर्षांत विभागा. ढीग टाकून ठेवू नका, पातळ पसरा, ढेकळं उन्हाने फुटू द्या आणि पहिल्या पावसानंतर वखराने मिसळा. पुढच्या मे महिन्यात तोच डबा त्याच जागी ठोकून मुरण्याचा वेग परत मोजा. तासाला २५ चा २० झाला असेल तर पुढचा हप्ता टाका. दहाच्या जवळ आला की थांबा.