आठवड्याला एक पौंड: शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश गरीब घराचा हिशेब कसा वाचावा

मी जन्मभर अकरावी-बारावीच्या मुलांना जमाखर्च शिकवला. निवृत्तीनंतर इथे साताऱ्यात इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्या मुली माझ्याकडे शंका घेऊन यायला लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ब्रिटन त्यांना अभ्यासाला आहे. कायदे, निवडणुका, संप हे सगळं त्या वाचतात, पण घरखर्चाचा तक्ता आला की पान उलटतात. शिलिंग-पेन्सचा गुंता कोण सोडवत बसणार? मला मात्र त्या काळची गरिबी आणि वर्गभेद या तक्त्यांइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसला नाही. म्हणून ते कसे वाचायचे ते सविस्तर लिहिते.

मी जे तक्ते वापरते ते दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथ भागातले आहेत. मॉड पेंबर रीव्ह्ज आणि फेबियन विमेन्स ग्रुप या समाजवादी महिला गटातल्या बायकांनी १९०९ ते १९१३ या काळात तिथल्या घरांमध्ये दर आठवड्याला जाऊन ते जमवले आणि १९१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गरोदर आणि बाळंतीण आयांना पोषणासाठी पैसे मिळायचे आणि त्यांनी घरखर्च लिहून ठेवायचा, असा तो उपक्रम होता. जिला लिहिता येत नव्हतं तिचा हिशेब नवऱ्याने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाने लिहिला. ही घरं लंडनमधली सर्वांत गरीब नव्हती, हे आधी लक्षात घ्या. नवरा कामावर जाणारा, आठवड्याला साधारण १८ ते ३० शिलिंग आणणारा, अब्रूने राहणारा. त्यांच्याही खाली बरीच माणसं होती.

सुरुवात नाण्यांपासून करा. १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. तक्त्यात शिलिंगसाठी 'एस' आणि पेनीसाठी 'डी' हे अक्षर असतं. बेरीज करण्यापूर्वी सगळ्या रकमा पेन्समध्ये आणा, निम्म्या चुका तिथेच टळतात. आणि कृपा करून त्या रकमा आजच्या रुपयांत बदलू नका. त्यातून काहीच कळत नाही. त्याच आठवड्यातल्या घरभाड्याशी आणि पावाच्या खर्चाशी तुलना करा.

आता जमेची बाजू. पुस्तकात 'मजुरी २४ शिलिंग' असं असलं तरी तो आकडा घराचा नाही. नवरा त्यातून स्वतःच्या खर्चाला काही ठेवून उरलेले बायकोच्या हातात देतो, आणि घर चालतं ते या हातात आलेल्या पैशावर. म्हणून हिशेब नेहमी बायकोच्या रकमेपासून मांडा. पावसाळी आठवड्यात हातगाडीवाल्याला किंवा रंगाऱ्याच्या मदतनिसाला पूर्ण काम मिळालं का, हेही बघा. एकाच घराचे लागोपाठचे तीन-चार आठवडे शेजारी ठेवले की कमाई किती हलती होती ते दिसतं.

खर्च ज्या क्रमाने हातातून सुटत होता त्याच क्रमाने वजा करा. त्या काळच्या दरांना धरून एक नमुना मी तयार केला आहे, हे घर खरं नव्हे. चार मुलं, नवरा-बायको, बायकोच्या हातात २२ शिलिंग. पहिलं भाडं, ७ शिलिंग. ते चुकवता येत नाही, चुकलं तर बाडबिस्तरा रस्त्यावर. मग मर्तिकाचा विमा ८ पेन्स. कोळसा दीड शिलिंग. गॅस १० पेन्स. साबण आणि धुण्याचा सोडा ५ पेन्स. सरपण आणि काड्यापेटी ४ पेन्स. बुटांसाठी १ शिलिंग. बेरीज ११ शिलिंग ९ पेन्स. उरले १० शिलिंग ३ पेन्स, म्हणजे १२३ पेन्स. त्याला सात दिवसांनी भागा, मग सहा माणसांनी. माणशी रोजचे तीन पेन्ससुद्धा होत नाहीत.

इथे मुली थांबतात आणि उत्तर लिहितात. पण अजून एक वजाबाकी करायची आहे. कमावत्या माणसाला अंगमेहनत करायची असते, त्यामुळे मटण, मासळी, जे काही चांगलंचुंगलं असेल ते त्याच्या ताटात जातं. त्याच्यासाठी रोज ६ पेन्स धरले तर आठवड्याचे ४२ गेले. उरले ८१. ते आई आणि चार मुलांत सात दिवसांसाठी वाटा. माणशी रोजचे सव्वादोन पेन्सच्या आसपास येतात. पाव, मार्गारीन किंवा भाजलेल्या मांसाची चरबी, बटाटे, चहा आणि डब्यातलं गोड दूध, एवढ्यात ते संपतात. आईचा वाटा वेगळा कुठेच लिहिलेला नसतो. ती काय खात होती हे समजायचं तर सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात काय राहिलं असेल याचा अंदाज करावा लागतो.

भाड्याकडे परत एकदा बघा, कारण वर्गभेद तिथेच उघडा पडतो. रीव्ह्ज यांनीच तुलना दिली आहे: वर्षाला २००० पौंड मिळवणारा गृहस्थ उत्पन्नाचा आठवा हिस्सा घरावर खर्च करतो आणि २४ शिलिंगांचा मजूर तिसरा हिस्सा. तोही दोन-तीन खोल्यांसाठी, आणि नळ बऱ्याचदा खाली अंगणात. कोळशाचंही तसंच. श्रीमंताच्या तळघरात उन्हाळ्यातच टनभर कोळसा स्वस्तात येऊन पडतो. गरीब बाई थंडीत तो थोडा थोडा आणते आणि वजनामागे जास्त पैसे मोजते. गॅसच्या मीटरमध्ये पेनी टाकायची, पेनी संपली की दिवा गेला. म्हणजे गरिबाला तीच वस्तू महाग पडत होती. तक्ता वाचताना प्रत्येक ओळीला विचारा: हेच एखाद्या डॉक्टरच्या घरी कसं विकत घेतलं गेलं असतं?

मर्तिकाच्या विम्यावरून त्या बायकांनी फार बोल ऐकले. पोटाला नाही आणि मेल्यानंतरच्या थाटाला पैसे भरतात, असं सुखवस्तू लोक म्हणायचे. मला या टीकेचा मनापासून राग येतो. १९०० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नव्हती. लहान मुलाच्या अंत्यविधीला दोन पौंडांच्या आसपास लागायचे, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांची कमाई. विमा नसेल तर उसनवारी करायची, नाहीतर मूल सरकारी खर्चाने भिकाऱ्यांच्या खड्ड्यात पुरू द्यायचं. दारावर येणाऱ्या एजंटाला दर मुलामागे एक पेनी देणारी आई उधळी नव्हती. तिला समोरचं दिसत होतं. शिवाय मूल जगलं तर त्या भरलेल्या पैशातलं तिला काही परत मिळत नव्हतं.

तक्त्यात न दिसणारं शोधणं हे पुढचं काम. बूट-क्लब दिसतो: आठवड्याला ठरावीक रक्कम भरत राहायची, पुरेशी जमली की बूट घ्यायचे, आपल्याकडच्या भिशीशी नातं सांगणारा प्रकार. गहाणवटीचं दुकान मात्र हिशेबात क्वचितच उघडपणे येतं. दारावर तीन सोनेरी गोळे टांगलेलं हे दुकान. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट तिथे ठेवायचा, शनिवारी पगार झाला की सोडवायचा, सोमवारी पुन्हा ठेवायचा. १८७२ च्या कायद्यानुसार दर दोन शिलिंगांना महिन्याला अर्धी पेनी व्याज आणि दहा शिलिंगांच्या आतल्या कर्जाला चिठ्ठीची अर्धी पेनी. आठवड्यात सोडवलं तरी महिना पूर्ण धरायचा. सहा शिलिंगांवर व्याज दीड पेनी, चिठ्ठी अर्धी, एकूण दोन पेन्स. दर आठवड्याला हे केलं तर वर्षाला १०४ पेन्स, म्हणजे ८ शिलिंग ८ पेन्स. सहा शिलिंग वर्षभर फिरवायला पावणेनऊ शिलिंगांच्या घरात खर्च! वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुली एकदम गप्प होतात. शाळेत शिकवलेलं सरळव्याज कधी नव्हे ते खरं वाटतं.

मग हे घर गरीब म्हणायचं की नाही? त्यासाठी यॉर्कच्या सीबोम राउंट्री यांची दारिद्र्यरेषा घ्या. चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातला हा माणूस. १८९९ मध्ये त्याने यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरोघरी पाहणी करवली आणि १९०१ मध्ये निष्कर्ष छापले. आई-बाप आणि तीन मुलं यांना आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, त्यात जेवण १२ शिलिंग ९ पेन्स, भाडं ४ शिलिंग, कपडे-जळण वगैरे ४ शिलिंग ११ पेन्स. या रकमेत ताजं मांस नाही, पत्राचं तिकीट नाही, वर्तमानपत्र नाही, मुलाला खेळणं नाही. वर्कहाउसमधल्या, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहातल्या, आहाराहूनही हा आहार हात आखडून ठरवलेला होता. तरी शहरातली २७.८४ टक्के माणसं त्याने गरिबीत मोजली. त्यातल्या काहींची, म्हणजे शहराच्या ९.९१ टक्के माणसांची, कमाईच त्या रेषेला पुरी पडत नव्हती. लॅम्बेथला ही रेषा जशीच्या तशी लावू नका, लंडनचं भाडं यॉर्कच्या जवळजवळ दुप्पट होतं. राउंट्री यांची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते: मजुराच्या आयुष्यात ओढगस्त तीनदा येते. स्वतः लहान असताना, पोरं लहान असताना, आणि म्हातारपणी. म्हणून तक्त्यात मुलांची वयं बघा. थोरला तेरा-चौदाचा होऊन चार शिलिंग आणायला लागला की तेच घर सावरतं.

घराचा पत्ता हाती असेल तर लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथ यांचा शहराचा रंगीत नकाशा उघडा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. काळा रंग सर्वांत खालच्या थराचा, गडद निळा अतिगरिबांचा, फिका निळा गरिबांचा, जांभळा मिश्र वस्तीचा, गुलाबी बऱ्या स्थितीतल्या कामगारांचा, लाल मध्यमवर्गाचा, पिवळा श्रीमंतांचा. लाल पट्ट्याच्या मागेच निळी गल्ली असते, दोन मिनिटांच्या अंतरावर, हे मुद्दाम बघा. काळ्या रंगाबरोबर 'दुराचारी, अर्धगुन्हेगार' असा शेरा आहे, तो मोजणाऱ्याचा दृष्टिकोन समजावा. नकाशा १८९८-९९ च्या सुमाराचा, तेव्हा १९१० च्या घराला लावताना सावध राहा. आपल्याशी थेट संबंध असलेला एक पत्ताही त्यात शोधता येतो: हॅकनीतला किंग एडवर्ड्‌स रोड. साहेबांच्या मुलांना सांभाळत हिंदुस्थानातून बोटीने आलेल्या आणि लंडनमध्ये परतीच्या भाड्याविना सोडून दिलेल्या आयांचं वसतिगृह १९०० पासून तिथे होतं.

यानंतर २ एप्रिल १९११ ची जनगणना. पैसे भरून मूळ फॉर्म बघता येतो आणि तो घरातल्या माणसानेच भरलेला असतो. तीन गोष्टी बघा. खोल्यांची संख्या, ज्यात स्वयंपाकघरही मोजलेलं असतं. माणसांना तिने भागा. दोनपेक्षा जास्त आलं तर सरकारी मापानेच ते दाटीचं घर. दुसरं, नोकर. राउंट्री यांनी मोलकरीण ठेवणाऱ्यांना कामगारवर्गाबाहेर धरलं, आणि ही खूण फार उपयोगी पडते, कारण एका बाजूला मोलकरीण ठेवणारं घर आणि दुसऱ्या बाजूला तेरा-चौदाव्या वर्षी मुलगी कामाला पाठवणारं घर असतं. तिसरं, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली, हे रकाने. विम्याच्या त्या पेन्सचं कारण या शेवटच्या रकान्यात सापडतं.

तारखेकडेही लक्ष ठेवा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्या गरजूंना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन सुरू झालं, त्यामुळे घरात आजी असेल तर ती आता थोडं आणते. जुलै १९१२ पासून मजुरीतून सरकारी आरोग्यविम्याचे ४ पेन्स कापले जातात. डॉक्टर मिळाला तो कामगाराला, त्याच्या बायको-मुलांना नाही, तेव्हा औषधाचा खर्च तक्त्यात तसाच राहिला असेल तर चकित होऊ नका.

घर पूर्णच कोसळलं तर पुढची नोंद वर्कहाउसच्या प्रवेशपुस्तकात मिळते. चार्ली चॅप्लिन सात वर्षांचा असताना १८९६ मध्ये आई आणि भावाबरोबर दक्षिण लंडनमधल्याच वर्कहाउसमध्ये दाखल झाला होता. जन्मदाखला वाचताना मात्र एक काळजी घ्या. १९०४ पासून वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलाला आयुष्यभर डाग लागू नये म्हणून दाखल्यावर संस्थेचं नाव न घालता साधा रस्ता आणि घरक्रमांक घालायला सुरुवात झाली. त्यामुळे एखादा पत्ता नेहमीच्या घरासारखा दिसला, तरी त्याच रस्त्यावर त्या काळी वर्कहाउस होतं का ते जुन्या नकाशात पाहून घ्या, आणि मगच त्या आईच्या नावापुढे 'स्वतःचं घर' असं लिहा.