फ्रान्समध्ये नवे आहात? कॉम्प्युटर-इंटरनेटच्या या चुका टाळा

फ्रान्समध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांचे ‘साइट चालत नाहीये’, ‘नेट बंद पडलंय’ असे फोन येतात, त्यांत मशीनचा दोष क्वचितच निघतो. पासवर्ड बरोबर असतो, कीबोर्ड वेगळा असतो. साइट ठणठणीत असते, आडनाव माहेरचं टाकायचं की सासरचं यात घोळ झालेला असतो. या देशात इंटरनेटवरची बहुतेक दारं कागदपत्रांच्या किल्लीने उघडतात, हे एकदा लक्षात घेतलं की निम्मा वैताग कमी होतो.

पासवर्ड चुकत नाही, कीबोर्ड चुकतो

इथल्या कीबोर्डला आझर्टी म्हणतात. त्यावर ए आणि क्यू यांची अदलाबदल असते, झेड आणि डब्ल्यू यांचीही. एम खालच्या ओळीतून उठून एलच्या शेजारी बसतो. एवढं दिसतं तरी. खरा त्रास आकड्यांचा आहे: वरच्या ओळीतले आकडे शिफ्ट धरल्याशिवाय उमटत नाहीत, पूर्णविरामालाही शिफ्ट लागते, आणि @ साठी उजवीकडची ऑल्ट-जीआर कळ धरून शून्य दाबावा लागतो. मॅकवर हेच चिन्ह १ च्या डावीकडे स्वतंत्र कळीवर असतं. पासवर्डमध्ये ठिपके दिसत असल्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळत नाही, आणि तीन-चार प्रयत्नांत बँकेचं खातं लॉक होतं.

त्यामुळे पासवर्ड नाकारला गेला की दुसरा प्रयत्न करण्याआधी डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं बघा. ते नसेल तर तोच पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघा आणि लगेच पुसा. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते दिसतं. ऑफिसचा लॅपटॉप फ्रेंच आणि घरचा भारतातला असेल, तर पासवर्डमध्ये डोक्यावर रेघ किंवा टोपी असलेली फ्रेंच अक्षरं घालू नका. उलट भारतातल्या कीबोर्डवर ती अक्षरं हवी असतील तर ‘यूएस इंटरनॅशनल’ मांडणी निवडा: आधी अवतरणचिन्ह, मग ई, की रेघवाला ई तयार. मराठी इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्यांनी काळजी करू नये, ती कळींच्या जागेवर चालते. वरचं अक्षर कोणतं छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

बॉक्स घेताना घाई

इंटरनेटच्या राउटरला इथे सगळे ‘बॉक्स’ म्हणतात. ऑनलाइन ऑर्डर करायला दहा मिनिटं पुरतात आणि चूकही तिथेच होते. फ्रेंच इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो. कंपनी विचारते ते इमारत, जिना, मजला आणि दार डावीकडचं की उजवीकडचं. हे अंदाजाने भरलं तर तंत्रज्ञ चुकीच्या दाराशी जातो, किंवा शेजाऱ्याची चालू लाइन तुमच्या नावावर जोडून बसतो. मग शेजारी तुमच्या नावाने बोटं मोडतो ते वेगळंच. घरमालकाकडून दोन गोष्टी आधी मागून घ्या: मागच्या भाडेकरूचं आडनाव, आणि भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या फायबर-डबीवर चिकटवलेला क्रमांक. तो क्रमांक दिला की नवी डबी बसवायचा खटाटोप वाचतो.

आता ज्यांना कोणी ‘एडीएसएल (तांब्याच्या फोनतारेवरचं नेट) स्वस्त पडेल’ म्हणून सांगतं त्यांच्यासाठी: तांब्याच्या तारांचं जाळं २०३० पर्यंत देशभरातून बंद व्हायचं आहे. त्यामुळे जिथे फायबर आहे तिथे दुसरा विचार करू नका.

कंपनी बदलताना जुनी जोडणी आधी स्वतः तोडू नका, फोनचा नंबर हातचा जातो. त्याच लाइनवरून ३१७९ ला फोन लावा, फुकट आहे. ‘रिओ’ नावाचा कोड मिळतो. तो नव्या कंपनीला दिला की नंबर टिकतो आणि जुना करार ती परस्पर मिटवते. करार २४ महिन्यांचा असेल आणि पहिले १२ महिने झाले असतील, तर २००८ च्या शातेल कायद्यातल्या, नंतर सुधारलेल्या नियमानुसार उरलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त २० टक्के मागता येतात (२०२३ च्या आधी ही मर्यादा चौथा हिस्सा होती). त्याहून जास्त मागितले तर कायद्याचं नाव घ्या. जून २०२३ पासून ऑनलाइन करार मोडायची सोय साइटवरच देणं बंधनकारक आहे, म्हणून कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसायचं कारण नाही.

वायफाय दुबळं असेल तर बॉक्स कुठे ठेवलाय ते आधी बघा. नव्या इमारतींत फायबरची डबी दाराजवळच्या विजेच्या कपाटात असते आणि तंत्रज्ञ बॉक्सही तिथेच कोंबून निघून जातो. पत्र्याचं दार लावलं की बेडरूमपर्यंत काहीच पोचत नाही. अशा फ्लॅटमध्ये खोल्याखोल्यांत नेटवर्कचे सॉकेट असतात, त्यांच्या तारा त्याच कपाटात येऊन थांबलेल्या असतात. बॉक्सपासून त्या तारेपर्यंत एक छोटी केबल जोडली की टीव्हीजवळ किंवा अभ्यासाच्या टेबलाशी थेट नेट मिळतं. फायबरची बारीक तार मात्र दुमडू नका. आत काच असते.

आणि पोस्टाच्या पेटीवर नाव चिकटवा. हसू नका. सिमकार्ड, बँकेचं कार्ड, खातं उघडायचा कोड, सगळं पोस्टाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो.

नावाचा घोळ

सगळ्यात जास्त दिवस खाणारी अडचण ही. इथे कर, आरोग्यविमा, पेन्शन अशा शेकडो सरकारी सेवांत ‘फ्रान्सकनेक्ट’ नावाच्या एकाच बटणाने शिरता येतं. ते बटण तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान सरकारी नोंदवहीशी ताडून बघतं. जुळलं नाही तर ‘ओळख पटत नाही’ एवढंच म्हणतं, काय जुळलं नाही ते सांगत नाही.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र येतात, म्हणून इथल्या नोंदीत वडिलांचं नाव तुमचंच दुसरं नाव ठरतं. त्याला हरकत नाही, फक्त सगळीकडे तसंच राहू द्या. एका फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यावर गाळलं, की दोन वेगळी माणसं तयार होतात.

लग्न झालेल्या बायकांचं प्रकरण जास्त अवघड. समजा, माहेरचं आडनाव जोशी आणि सासरचं कुलकर्णी. पासपोर्टवर कुलकर्णी आहे, मधलं नाव नवऱ्याचं आहे, आणि काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं असतं. फ्रान्समध्ये जन्मदाखल्यावरचं नाव आयुष्यभर कायम राहतं. हा नियम थेट क्रांतीच्या काळातला, १७९४ सालचा. नवऱ्याचं आडनाव ‘वापरातलं नाव’ म्हणून वेगळ्या रकान्यात जातं. मग एका कार्यालयाने जन्मदाखला बघून जोशी लिहिलं आणि दुसऱ्याने पासपोर्ट बघून कुलकर्णी, तर बटण चालणार कसं? अशा वेळी दहा वेळा पासवर्ड बदलून काही होत नाही. रेसिडेन्स कार्ड, आरोग्यविम्याचं पत्र आणि कर खात्याचं पत्र शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडा. जिथे फरक आहे तिथे त्या खात्याच्या साइटवरच्या संदेशपेटीतून विवाहाचा दाखला आणि जन्मदाखला जोडून दुरुस्ती मागा. दोन्ही दाखल्यांचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) आणि मान्यताप्राप्त भाषांतरकाराने केलेलं फ्रेंच भाषांतर आधीच करून ठेवलेलं बरं.

भारतातून निघायच्या आधी जन्मदाखला नीट वाचा. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घेणं भारतात असतानाच सोपं. शाळेत मास्तरांनी १ जून लिहिली आणि तीच पासपोर्टवर आली, असे तर आपल्यात कितीतरी. दाखल्यावरची खरी तारीख वेगळी असेल तर हा प्रश्न इथल्या खिडकीवर सुटत नाही. जन्मगावही पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पासपोर्टवर औरंगाबाद असेल तर अभिमान बाजूला ठेवून फॉर्मवर औरंगाबादच लिहायचं.

सोशल सिक्युरिटीचा क्रमांक स्वतः तपासता येतो. तो १५ आकडी असतो, शेवटचे दोन तपासणीचे, म्हणून काही साइट १३ च मागतात. पहिला आकडा पुरुषाला १, स्त्रीला २. मग जन्मसाल, महिना, आणि भारतात जन्मलेल्यांना पुढे ९९२२३. यातलं काही चुकलेलं दिसलं तर लगेच कळवा. ७ किंवा ८ ने सुरू होणारा क्रमांक तात्पुरता असतो. कायमचा येईपर्यंत आमेलीच्या आरोग्यविमा खात्यावर डोकं आपटू नका.

प्रिफेक्चरच्या (राहण्याचं कार्ड देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) परदेशी नागरिकांसाठीच्या पोर्टलवर कार्डाचं नूतनीकरण मुदत संपायच्या चार ते दोन महिने आधी करायचं असतं. तिथे एक फसवी गोष्ट आहे. अर्ज सादर केल्याची जी पोच लगेच येते, ती राहण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी ‘प्रलंबित अर्जाची मुदतवाढ’ देणारं वेगळं प्रमाणपत्र खात्यात यावं लागतं. नोकरीच्या मालकाने कागद मागितला तर तेच द्या. मोबाइलवर काढलेला स्वतःचा फोटोही टाकू नका. मान्यताप्राप्त बूथमधून २२ अक्षरांचा कोड घ्या.

कॉलेजच्या ईमेलवर खाती

विद्यार्थी इथे आले की विद्यापीठाच्या ईमेलवर बँक, कर, घरभाडं, सगळं उघडून बसतात. पदवी झाली की तो पत्ता बंद. पासवर्ड बदलायची लिंक मग बंद पेटीत जाऊन पडते. कंपनीच्या पत्त्याचंही तेच. पहिल्या दिवसापासून स्वतःचा कायमचा ईमेल वापरा, आणि महिनाभराचं पर्यटक सिम कुठेही नोंदवू नका. फॉर्म भरताना ब्राउझरचं आपोआप भाषांतर बंद ठेवा. त्यामुळे यादीतले पर्याय विस्कटतात.

भारतातलं सिम चालू ठेवणं हा याचाच दुसरा भाग. भारतातून निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या, म्हणजे बँकेचा ओटीपी येतो. येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर तो जाऊ शकतो, म्हणून रिचार्जची आठवण फोनमध्ये लावा. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर काही बँका फ्रेंच नंबरवरही यूपीआय देतात. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरचं तिकीटही यूपीआयने काढता येतं, पाहुणे आले की मिरवायला बरं!

पार्सल अडकलं, दंड भरा

‘तुमचं पार्सल अडकलंय’, ‘दंड थकलाय’, ‘आरोग्यकार्डाची मुदत संपतेय’ असे एसएमएस सगळ्यांनाच येतात, पण नवख्याला ते खरे वाटतात, कारण त्याला खरंच काहीतरी यायचं असतं. कार्त व्हितालला, म्हणजे इथल्या आरोग्यकार्डाला, मुदतच नसते, हे माहीत असलं की तो संदेश तिथेच संपतो. दंड भरायची सरकारी साइट वेगळी आहे आणि तिचा पत्ता ‘डॉट गूव्ह डॉट एफआर’ ने संपतो. संपतो हे महत्त्वाचं. ठग ‘गूव्ह’ मध्येच कुठेतरी घुसवतात आणि शेवटी ‘डॉट कॉम’ लावतात. आमेली आणि काफ (कुटुंब व घरभाड्याचे भत्ते देणारी संस्था) यांच्या पत्त्यात मात्र गूव्ह नसतं, तरी त्या खऱ्या. अशा वेळी लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा. संशयित एसएमएस ३३७०० ला पुढे पाठवा. पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग ‘१७ सायबर’ या सरकारी सेवेवर जा. ती डिसेंबर २०२४ पासून चालू आहे. बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस कोड मागत असेल किंवा कार्ड न्यायला कुरिअर पाठवतो म्हणत असेल तर फोन ठेवून द्या.

प्रिफेक्चरची वेळ फुकट मिळते. ती पैसे घेऊन विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, मग ते आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर का असेना.

किरकोळ, पण महाग

फ्रेंच एक्सेलमध्ये दशांश स्वल्पविरामाने लिहितात. १.५ असं लिहिलं की तो मजकूर समजला जातो आणि बेरजेत धरलाच जात नाही. भारतातून आलेली सीएसव्ही फाइल उघडल्यावर सगळं एकाच रकान्यात दिसतं, कारण इथे विभाजक अर्धविराम असतो. फाइल दुहेरी क्लिकने उघडू नका, डेटा मेनूतून आयात करा.

दरवर्षीच्या ऑनलाइन करपत्रकात भारतातली बँकखाती जाहीर करायची असतात. त्यासाठीचा ३९१६ क्रमांकाचा फॉर्म आपोआप समोर येत नाही, जोडपत्रांच्या यादीत जाऊन त्यावर टिक करावी लागते. बरेच जण तसेच पुढे जातात. खातं रिकामं असलं तरी दंड दर खात्याला १५०० युरो होऊ शकतो.

देश सोडून जाताना ऑफिसच्या पगारपत्रकांच्या पीडीएफ स्वतःकडे उतरवून घ्या, पेन्शनचा हिशेब त्यांवर होतो. बॉक्स कंपनीला परत पाठवल्याची पावती मात्र शेवटचं बिल येऊन पैसे चुकते होईपर्यंत टाकू नका. बॉक्स मिळाला नाही म्हणून शंभर-दीडशे युरो लावायला त्यांना वेळ लागत नाही.