परदेशात स्थायिक होण्याचा अर्ज : या चुका टाळा

"फाइल तयार आहे, एकदा नजर टाकता का?" असं कुणी म्हणालं की मी शिक्षण, पगार, गुण काही बघत नाही. आधी प्रत्येक कागदावरची तारीख बघतो. पात्रता नसलेले लोक सहसा तिथवर येतच नाहीत. येतात ते तारखांमध्ये अडकलेले.

सगळ्यांची खोड एकच : सोपं ते आधी उरकायचं. भाषेच्या परीक्षेचं बुकिंग चटकन मिळतं, म्हणून ती पहिली. पण आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो. कॅनडासाठी केलेलं मेडिकल 12 महिने, ब्रिटनसाठीचा टीबीचा दाखला 6 महिने.

मीही हेच केलं. परीक्षा सुरुवातीलाच देऊन टाकली, गुण मिरवूनही झाले. मग पदवीचं मूल्यांकन, जुन्या कंपन्यांची पत्रं यांत वर्ष सरलं. त्यानंतर कुठे लागणाऱ्या कागदांची यादी नीट वाचली. गेल्या 10 वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला पोलीस दाखला कॅनडाला लागतो. नोकरीसाठी मी एका देशात आठ महिने काढले होते, आणि ते साफ विसरलो होतो. तिथल्या कार्यालयाला बोटांचे ठसे कागदावर, टपालाने हवे होते. पहिले ठसे पुसट म्हणून परत आले. कॅनडात आधी ऑनलाइन प्रोफाइल टाकायची, निवड झाली तर अर्जाचं निमंत्रण येतं. निमंत्रण आल्यावर अर्जाला 60 दिवसच मिळतात, म्हणून दाखला हातात आल्याशिवाय प्रोफाइल टाकायची नाही असं मी ठरवलं होतं. दाखला आला तेव्हा परीक्षेचा निकाल बाद झालेला. पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, आणि या खेपेला लेखनात अर्धा बँड (या परीक्षेतला गुण) कमी.

तेव्हापासून मी प्रत्येक कागदापुढे दोन आकडे लिहितो : मिळायला किती दिवस, टिकणार किती दिवस. उशिरा मिळणारं आधी मागवायचं, लवकर शिळं होणारं शेवटी. आणि एखादा देश सोडला की लगेच तिथला पोलीस दाखला काढून ठेवायचा. सोडलेल्या देशाचा दाखला तिथला मुक्काम संपल्यानंतरचा असेल तर कॅनडाला तो जुना असला तरी चालतो. ऑस्ट्रेलियाला मात्र 12 महिन्यांच्या आतला लागतो.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी (कुशल लोकांना गुणांवर निवडून निमंत्रण देणारी पद्धत) आयईएल्टीएसचं 'जनरल ट्रेनिंग' द्यायचं असतं. 'अकॅडमिक' देऊन येणारे अजून भेटतात.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टसारखंच हवं.

कागदांच्या याद्या मित्राकडून घेऊ नका. कॅनडा 1961 च्या अपोस्टिल करारात (एका देशाच्या सरकारी शिक्क्यावर दुसऱ्या देशाने कागद मान्य करायचा, वकिलातीच्या शिक्क्याची गरज नाही) जानेवारी 2024 मध्ये आला. मित्राची यादी त्याआधीची असेल तर ती तुम्हाला विनाकारण वकिलातीत पाठवेल.

नोकरीच्या पत्रात नुसतं पद लिहून भागत नाही. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार सगळं हवं. पण सरकारी यादीतलं कामाचं वर्णन जसंच्या तसं उतरवणारे हुशार लोक बघितले की मला हसू येतं. तपासणारा माणूस दिवसभर तीच यादी वाचत असतो.

पैशांचंही तसंच. अर्जाच्या आठवड्यात काकांकडून रक्कम खात्यात वळवायची, स्टेटमेंट काढायचं, परत द्यायची, हा खेळ चालत नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी ठरावीक रक्कम स्वतः दाखवायची असेल तर ती सलग 28 दिवस खात्यात लागते. कॅनडा बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि डोक्यावरची कर्जंही मागतो, आणि उसनी रक्कम धरतच नाही. मला विचाराल तर अर्जाआधी सहा महिने त्या खात्याला हातच लावू नका.

शेवटी, लपवाछपवी. पूर्वी नाकारला गेलेला व्हिसा सांगितला म्हणून अर्ज आपोआप पडत नाही. लपवला आणि सापडला तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटनमध्ये फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत बंदी आहे. "एजंटने भरलं होतं" ही सबब सहसा चालत नाही, कारण सही तुमची असते. एजंट लावायला माझी ना नाही. मात्र अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड तुमच्याकडेही असू द्या, आणि सबमिट करण्याआधी भरलेला फॉर्म मागून घेऊन पहिल्या पानापासून स्वतः वाचा. एजंट "वेळ नाही, आजच टाकायचाय" म्हणाला तर आणखी सावकाश वाचा.